फळ्यावरची कैची

ही गोष्ट मी आजवर कोणाला सांगितलेली नाही. बायकोलाही नाही — आणि तिला मी जवळजवळ सगळं सांगत असे. ती गेली तेव्हा एक क्षण असंही मनात आलं, की आता विचारणारंच कोणी उरलं नाही, सुटलो. असं मनात यावं का माणसाच्या? आणि सुटलोही नाहीच. म्हणून तुम्हाला सांगायला बसलोय. तुम्ही मला ओळखत नाही, हे बरं आहे. ओळखीच्या माणसापुढं मी पुन्हा सावरून बोललो असतो, आणि सावरून बोलणं मला फार छान जमतं. त्याचीच तर ही गोष्ट.

गोष्ट तशी खेळाची आहे. कबड्डीच्या एका सामन्याची. तुम्ही म्हणाल, कबड्डीच्या सामन्यात एवढं लपवण्यासारखं काय असतं? — मीही स्वतःला कितीतरी वर्षं हेच म्हणत आलो.

एकोणीसशे पन्नासनंतरची चार-पाच वर्षं उलटली असतील. चंद्रपूरला तेव्हा सगळे चांदाच म्हणत. मी तेवीस वर्षांचा, प्राथमिक शाळेत नवा मास्तर. माघाचे दिवस होते. सकाळी तलावावरून धुकं उठे आणि परकोटाच्या भिंतीला अर्ध्यावर टेकून राही. दुपार कलली की ऊन असं मऊ होई, की मैदानावर उडालेली धूळ खाली बसायचंच विसरून जाई. ते दिवस आठवले की मला सगळं त्या धुळीतूनच दिसतं — माणसं, बैलगाड्या, सायकली, सगळं जमिनीपासून बोटभर वर तरंगल्यासारखं. कदाचित तसं नसेलही. माझ्या डोळ्यांवर फार विसंबू नका.

त्या दिवसांत जिल्ह्याचे सामने भरत. त्या वर्षी सेमीफायनलला आमच्या चांद्याचा लाकूड-डेपोचा संघ होता, आणि समोर वरोऱ्याचा — तिथल्या कापसाच्या जिनिंगमधल्या मजुरांचा.

डेपोच्या संघात सैनू होता. एटापल्लीच्याही पलीकडच्या जंगलातला माडिया आदिवासी. सागवानाच्या गाड्यांबरोबर चांद्याला आला तो इथंच राहिला. ठेकेदारानं त्याला ओंडके उचलताना पाहिलं आणि डेपोत ठेवून घेतलं — कामासाठी थोडा, खेळासाठी जास्त. मराठी त्याला नवीनच होती, ती तो जपून वापरायचा. मैदानात उतरताना वाकून माती कपाळाला लावायचा आणि ती मग दिवसभर पुसायचा नाही. त्याची पकड घोट्याची. समोरच्याचा घोटा एकदा त्याच्या हातात आला, की तो माणूस खुंट्याला बांधल्यासारखा जागीच राही. लोक ओरडत, "सैनू, धर!" — आणि तो लाजायचा. एवढा मोठा माणूस, मान खाली घालून हसायचा.

वरोऱ्याचा गणपत अगदी उलट. चिंचेच्या फोकासारखा बारीक, बोलका, चढाईला जाता जाता प्रेक्षकांकडं बघून डोळा मारणारा. त्याचा दम इतका लांब, की मुलं बोटांवर मोजत बसत. आमच्या चांद्यातही त्याचे चाहते होते. खोटं कशाला सांगू, मीही होतो.

आणि मी रेषापंच होतो. बाजूच्या रेषेवर उभं राहायचं, पाय पाहायचे, कोणी नियम मोडला की हात वर करायचा. बस्स. मला का नेमलं? तर मास्तर म्हणून. मुख्य पंच नारायणभाऊ, निवृत्त हवालदार, पांढऱ्या मिशांचे — ते भर मैदानात म्हणाले होते, "मास्तर खोटं नाई बोलत, आपल्या गावचा असला तरी." लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. त्या टाळ्या मला आवडल्या होत्या.

सामन्याची दोन-तीन मिनिटं उरली होती. डेपो चार गुणांनी पुढं. वरोरा हरल्यातच जमा. गणपत चढाईला आला. आत शिरला, वळला, आणि सैनू खाली झेपावला. घोटा हातात. गणपत मध्यरेषेकडं सरपटू लागला, तसे बाकीचेही त्याच्यावर पडले. सात-आठ माणसांचा ढीग झाला. आणि त्या ढिगाच्या पोटातून एक आवाज आला — वाळका बांबू गुडघ्यावर मोडावा, तसा. मग गणपतचं ओरडणं.

मी हात वर केला. म्हणालो, "कैची!"

कैची म्हणजे आपल्या दोन पायांत समोरच्याचा पाय अडकवायचा आणि पिळायचा. हातांनी कसंही धरा, पण पायांची कैची मारायची नाही — गुडघा जातो माणसाचा. आमच्या सामन्यांत तिला सक्त मनाई होती. आणि माझं बोट सैनूकडं होतं.

एवढं सांगून इथं थांबता आलं तर? बरीच वर्षं मी मनात इथवरच यायचो आणि परत फिरायचो.

गणपतचा गुडघा गेला. त्याला खाटेवर घालून दवाखान्यात नेलं. सामना डेपोनं जिंकला, पण जिंकल्यासारखं कोणाला वाटलं नाही. फायनल आठ दिवसांवर होती, कोळसा खाणीच्या संघाशी, आणि साऱ्या चांद्यात एकच वाद सुरू झाला — सैनूला खेळू द्यायचं का?

चौकात अब्दुलभाईचं चहाचं हॉटेल होतं. तिथं बाकावर जागा मिळेना. एक म्हणे, एका सामन्यापुरता बसवा, झालं. दुसरा म्हणे, एकानं काय होते, गणपतचा पाय येणार हाय का वापस? जन्मभर बसवा. तिसरा — त्याचा आवाज अजून कानात आहे — "खेळात लागतेच बाप्पा. लागून नाई घ्याचं तं घरी बसून भाकर खा ना, मैदानात काऊन येतं?" मग हमरीतुमरी. कोणी सैनूच्या बाजूनं बोलला की दुसरा म्हणे, "जंगलातला हाय तो. त्याले काय समजते नियम?" आणि लोक हसत. मी हसत नसे. पण मी काही बोलतही नसे. त्या वाक्यानं माझं काम सोपं होत होतं, हे मला तेव्हाही कळत होतं.

कारण प्रत्येक वाद शेवटी माझ्यापाशी येऊन थांबे. "मास्तर, तुमी तं जवळ होते. सांगा ना, काय पाह्यलं?" माझ्यासमोर कप येई. आणि मी सांगे. पहिल्या दिवशी दोन वाक्यं सांगितली. दुसऱ्या दिवशी सैनूचा पाय कसा फिरला तेही सांगितलं. तिसऱ्या दिवशी त्याच्या तोंडावरचे भाव. किती सुंदर असतं ते, माहीत आहे तुम्हाला? — वीस माणसं श्वास धरून तुमच्या तोंडाकडं बघतात, बाहेर संध्याकाळचा धूर चुलीचुलीतून उठतोय, आणि तुम्ही बोलाल ते त्यांना दिसू लागतं. मलाही दिसू लागलं होतं. सांगता सांगता खरंच दिसू लागलं होतं. सैनूचे दोन पाय, त्यांवरची माती, आणि त्यांत अडकलेला गणपतचा गुडघा — स्वप्नात दिसतं तसं, हळू, आवाज नसलेलं.

एकदा गर्दी पांगल्यावर अब्दुलभाई कप विसळता विसळता म्हणाला, "मास्तर, परवा तुमी उजवा पाय बोल्ले होते. आज बायां झाला."

मी हसलो. म्हणालो, "माझ्या बाजूनं डावा, त्याच्या बाजूनं उजवा."

"हां. वो भी सही हय," तो म्हणाला. आणि त्यानंतर त्यानं मला त्या विषयावर पुन्हा कधी काही विचारलं नाही. चहा देत राहिला.

आता सांगतोच.

मी पाहिलं नव्हतं. काहीच पाहिलं नव्हतं. गणपत वळला तिथवर पाहिलं, सैनूनं घोटा धरला ते पाहिलं — आणि त्याच वेळी डोक्यावरून रानबदकांचा थवा गेला, तलावाकडं. खूप खाली होता. पंखांचा आवाज ऐकू येत होता, पोटं उन्हानं तांबूस झालेली. मी वर पाहिलं. लहानपणापासून माझं असंच आहे. नजर सुटते आणि मी तिच्यामागं जातो. किती वेळ गेलो असेन? पाच-सहा आकडे मोजावेत एवढा. बांबू मोडल्यासारखा आवाज आला तेव्हा माझं तोंड आभाळाकडं होतं. खाली पाहिलं तर ढीग होता, पायांचा नुसता गुंता, आणि नारायणभाऊ शिट्टी तोंडात धरून माझ्याकडं बघत होते. सगळं मैदान माझ्याकडं बघत होतं. "मी पाहिलं नाही" — हे कसं म्हणायचं? ज्याचं काम फक्त पाहणं, त्यानं? सर्वांत वर दिसणारे पाय सैनूचे होते. माझा हात आपोआप वर गेला.

आपोआप, म्हणालो मी. बघा, अजून सावरतोय. हात माझाच होता.

कदाचित त्यानं खरोखर कैची मारलीही असेल. कदाचित पडणाऱ्यांच्या वजनानंच गुडघा गेला असेल. ते मला माहीत नाही, कधी कळणारही नाही. मला एवढंच माहीत आहे, की मी आभाळ बघत होतो.

रविवारी सकाळी पंचांची बैठक माझ्याच शाळेत भरली, माझ्याच चौथीच्या वर्गात. पाच पंच खुर्च्यांवर. वरोऱ्याहून गणपतचा मोठा भाऊ आला होता, तो भिंतीला टेकून उभा होता. सैनूला मुलांच्या बाकावर बसवलं होतं. त्याचे गुडघे हनुवटीपर्यंत आले होते. बाहेर खिडक्यांना लोकांची तोंडं चिकटलेली.

नारायणभाऊंनी त्याला विचारलं, कैची मारली का.

त्यानं आपले दोन्ही हात पुढं धरले. "घोटा मी धरलो होतो," तो म्हणाला. "आखरीपर्यंत हातातच होता. मंग सगळे अंगावर पडले. पाय कुठी गेले, मले नाई समजलं."

"म्हणजे मारली का नाई मारली?"

"मले वाटते, नाई मारली."

मग नारायणभाऊ माझ्याकडं वळले. आणि काय म्हणाले ते ऐका — कारण मला दार उघडं नव्हतं, असं मी पुढं कितीदा तरी स्वतःला सांगितलं आहे. ते म्हणाले, "मास्तर, पोराच्या पोटाचा सवाल हाय. तुमाले जराशी बी शंका असन तं तसं सांगा. लाज नाई त्यात."

मी उठलो. खडू घेतला आणि फळ्याकडं गेलो.

चित्रं मी चांगली काढत असे. आधी रेषा काढली, मग गणपतचा पाय, त्याच्या दोन्ही बाजूंनी सैनूचे पाय, आणि पाय कोणत्या दिशेनं फिरला ते दाखवायला एक बाण. मुलांना शिकवावं तसं, घाई न करता. वर्गात खडूचा आवाज तेवढा येत होता. खिडकीतून आलेल्या उन्हात खडूची भुकटी तरंगत होती. चित्र पुरं झालं तेव्हा सगळ्यांना ते दिसलं. पंचांना दिसलं. गणपतच्या भावाला दिसलं — त्यानं डोळ्यांवर हात ठेवला. आणि सैनू — सैनू पुढं वाकून ते बघत होता. रागानं नाही. वर्गातला सगळ्यात मन लावून शिकणारा मुलगा फळ्याकडं बघतो ना, अगदी तसा.

दोन वर्षं जिल्ह्यातल्या कोणत्याही सामन्यात खेळायचं नाही, असा निकाल झाला. खेळत नाही त्या माणसाचं डेपोत काय काम? ठेकेदारानं दुसऱ्याच दिवशी त्याला काढलं. पुढं ऐकलं, की तो दोन दिवस दवाखान्याच्या ओट्यावर बसून होता, गणपतला भेटायला; गणपतच्या लोकांनी त्याला हाकललं. मग तो दिसला नाही. फायनल डेपोनं त्याच्याशिवायच जिंकली. गुलाल उडाला, हलगी वाजली, आणि लोक तो वाद विसरले. इतका पेटलेला वाद! पुढच्या माघात सैनूचं नावही कोणी काढलं नाही. मीही नाही.

तीन वर्षांनी माझी बदली झाली. बदलीच्या कागदावर गावाचं नाव वाचलं — एटापल्लीच्या पलीकडं. बायकोच्या तब्येतीचं कारण देऊन मी बदली रद्द करवायचा प्रयत्न केला. ती चांगली ठणठणीत होती. जमलं नाही. तिला माहेरी ठेवून मी निघालो.

आलापल्लीच्या पुढं लाकडाच्या ट्रकमध्ये बसून गेलो. ट्रकनं सोडलं तिथून गाव तीन-चार मैल. दोन्ही बाजूंना सागवान, पानं झडलेली, आणि इतकी शांतता, की आपलंच पाऊल मागून येतंय असं वाटे. पायवाटेच्या तोंडाशी एक माणूस उभा होता, मास्तरांची ट्रंक न्यायला गावानं पाठवलेला. त्यानं ट्रंक खांद्यावर घेतली, माझ्याकडं पाहिलं, आणि हसला. मान खाली घालून.

"जोहार मास्तर," तो म्हणाला. "वळखलं का?"

मी म्हणालो, "सैनू." वाटलं, आता ट्रंक खाली ठेवेल, काहीतरी बोलेल. तो चालू लागला. वाटेत त्यानं मला कोणतं पाणी प्यायचं आणि कोणतं नाही ते सांगितलं, अस्वल कुठून जातं ते दाखवलं. गावात पोचल्यावर त्यानं जमलेल्या लोकांना माडियात काहीतरी सांगितलं. म्हातारे माझ्याकडं बघून माना डोलवू लागले. मी विचारलं, काय सांगितलंस?

"सांगतलं का हे मास्तर खरं बोलतेत. आपल्याच गावच्या टीमच्या उलटं बोलले, पण खरं बोलले."

तुम्ही असता तर काय केलं असतं? — नको. हा प्रश्न मी परत घेतो. तुमचा काही संबंध नाही.

तो रोज शाळेत येऊन जाई. कधी मध, कधी कंद, कधी शाळेच्या छपरावर टाकायला पानं. त्याची बायको माझ्यासाठी आंबील पाठवी. शाळेत अकरा मुलं होती. त्यांना कबड्डी शिकव, असं मी एकदा त्याला म्हणालो. का म्हणालो? कदाचित मला वाटलं असेल, त्यानं खेळ शिकवला की माझं काहीतरी फिटेल.

तो म्हणाला, "नाई मास्तर. माया पायाले खोड हाय. पोराईले नाई लागाले पायजे." तेव्हा मला कळलं, की दोन वर्षांची बंदी संपून वर्ष होत आलं होतं, पण हा माणूस पुन्हा कधी रेषेच्या आत उभाच राहिला नव्हता.

चैत्रात मोह फुलला. पहाटेपासून फुलं गळू लागतात, आणि सारं गाव टोपल्या घेऊन झाडांखाली असतं. तो गोड, जड वास एकदा अंगात शिरला, की जागेपणी झोपेत चालल्यासारखं होतं. एक दिवस उजाडताना मीही गेलो. सैनू आणि मी एकाच झाडाखाली वाकून फुलं वेचत होतो, पाठीला पाठ लागेल इतके जवळ. खाली पांढुरकी फुलं, वर धुकट उजेड, आणि मधूनमधून टप् — टप् — फुलं पडत होती. एकमेकांची तोंडं दिसत नव्हती.

तो आपणहून बोलू लागला. दरवर्षी धान निघालं की तो वरोऱ्याला जात होता. कधी ट्रकनं, कधी पायी, बल्लारशापासून रेल्वेनं. गणपतसाठी तांदूळ आणि मध घेऊन. पहिल्या वर्षी गणपतनं शिव्या दिल्या आणि तांदूळ रस्त्यावर फेकला. दुसऱ्या वर्षी त्याच्या बायकोनं तांदूळ ठेवून घेतला. तिसऱ्या वर्षी गणपतनं त्याला बैस म्हटलं. गणपतचा पाय वाकडाच जुळला होता. जिनिंगमधलं उभ्यानं करायचं काम सुटलं होतं; आता स्टेशनाजवळ पानाचा ठेला होता.

"पयले मले वाटे, म्या नाई मारली," सैनू म्हणाला. "हातात घोटा होता, तेवढं पक्कं याद होतं. पण मंग तुमी फळ्यावर काढून दाखवलं ना, तवा मले दिसलं. आता डोये मिटले का तेच दिसते. खडूचे पाय."

टप्. टप्.

"एक इचारू मास्तर? तुमी इतक्या जवळून पाह्यलं. म्या जाणून मारली का चुकून? गणपत इचारते मले दर साली. मी म्हणतो, मले नाई ठावं, मास्तरले ठावं."

माझे हात थांबले. त्याचे थांबले नव्हते. फुलं टोपलीत पडल्याचा आवाज येत होता. आजूबाजूला कोणी नव्हतं. पंच नव्हते, गर्दी नव्हती, अब्दुलभाईचं हॉटेल शंभर मैलांवर. माझी नोकरी जाणार नव्हती, मला कोणी मारणार नव्हतं. तो माणूस मला काही करणार नव्हता, हे मला त्याच्या पाठीवरूनसुद्धा कळत होतं. तीन शब्द बोलायचे होते. मी पाहिलं नव्हतं.

मी म्हणालो, "चुकून."

मागे आवाज थांबला. मी वळून पाहिलं. तो उकिडवा बसला होता आणि दोन्ही तळहातांनी तोंड पुसत होता, पुन्हा पुन्हा, तोंड धुतल्यासारखं. मग उठून त्यानं माझ्या पायांना हात लावला. मी लावू दिला.

बरीच वर्षं मी या शब्दाला पुण्य समजत होतो. म्हणायचो, खोट्यानं त्याचं नुकसान झालं, खोट्यानंच त्याचं ओझं उतरवलं, फिटंफाट. फिटंफाट कसली? त्यानं माझ्याकडं त्याची आठवण परत मागितली होती — जी माझ्याच खडूनं पुसली होती. आणि मी ती पुन्हा एकदा दिली नाही. वर त्याला माफ केलं. न केलेल्या गोष्टीबद्दल — किंवा केली होती की नव्हती ते मलाच ठाऊक नसलेल्या गोष्टीबद्दल — मी त्याला माफ केलं.

त्या दिवशी सूर्य वर यायच्या आत तो वरोऱ्याला निघाला. धान निघायचे दिवस नव्हते, मोहाचे होते, घरातलं सगळ्यात महत्त्वाचं काम. त्याची बायको ओरडत होती. तो म्हणाला, "गणपतले सांगून येतो. तो बी तीन सालापासून थांबला हाय." फडक्यात मूठभर मोह बांधला आणि सागवानाच्या वाटेला लागला. पानं नसल्यामुळं तो फार लांबपर्यंत दिसत राहिला. एका हाकेच्या अंतरावर होता, मग दोन हाकांच्या. मी हाक मारली नाही. शाळेत गेलो, हजेरी घेतली, आणि मुलांना पाढे म्हणायला सांगितले.

पुढं दोन वर्षांनी माझी परत बदली झाली. निवृत्त झालो तेव्हा चांद्याचं चंद्रपूर झालं होतं. गणपत आधी गेला, असं कळलं. सैनू त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, तापानं. बाजारात भेटलेल्या त्याच्या गावच्या माणसानं सांगितलं. त्यातल्या कुठल्याही वर्षी मी जाऊ शकलो असतो. एटापल्लीला पुढं बसही जाऊ लागली होती.

पण त्या चैत्रातलं एक सांगायचं राहिलं. दहा-अकरा दिवसांनी सैनू वरोऱ्याहून परत आला. थेट शाळेत आला, धुळीनं पांढरा झालेला, डोळे खोल गेलेले, आणि असा हसत होता, की मुलं पाढे म्हणायची थांबली. त्यानं गणपतला सांगितलं होतं. गणपत रडला, आपणही रडलो, गणपतची बायको रडली, असं त्यानं सांगितलं. मग कमरेचं फडकं सोडून त्यानं एक पुडी काढली. गणपतच्या बायकोनं दिलेले मुरमुऱ्याचे लाडू. खरं बोलणाऱ्या मास्तरांसाठी.

पाच होते. इतक्या लांबून आणले होते, तरी एकही फुटला नव्हता. मी म्हणालो, तू घे एक. तो मागं सरकला. म्हणाला, नाही, हे तुमचे.

मी ते खाल्ले. दोन त्याच्यासमोर, आणि तीन नंतर.